नातू चार दिवसांत बरा, आजीला मात्र तीन आठवडे धाप

पत्र: माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. आम्ही कराडजवळ राहतो. त्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. तीन वर्षांपूर्वी स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) होऊन सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, निदान झालं. सकाळ-संध्याकाळ रोटाहेलर (कॅप्सूलमधली औषधाची पावडर श्वासाने ओढायचं यंत्र) चालू आहे, मधुमेहाची गोळी आहे. गेल्या पावसाळ्यात नातवाने अंगणवाडीतून सर्दी आणली. तो चार दिवसांत खेळायला लागला. सासूबाईंचा पहिला आठवडा बरा गेला आणि अकराव्या-बाराव्या दिवशी अशी धाप लागली की ॲडमिट करावं लागलं. गणपतीनंतर पुन्हा तेच. सर्दी झाली की त्या रोटाहेलर बंद करतात, 'कफावर पावडर चिकटून बसेल' म्हणतात, आणि मेडिकलमधून तीन गोळ्यांचं अँटिबायोटिक आणवतात. शेजारी म्हणतात, इम्युनिटी कमी झालीय, काढा आणि पावडर सुरू करा. खरंच कमी झाली आहे का? ती वाढवायची कशी?
– एक सून, सातारा जिल्हा

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: पहिला आठवडा बरा गेला आणि अकराव्या-बाराव्या दिवशी बिघडलं. सीओपीडीच्या पेशंटमध्ये हे पुष्कळदा घडतं, पण घरात दिवस मोजून कोणी ठेवत नाही. तुम्ही ठेवलेत, म्हणून नेमकं उत्तर देता येईल.

आधी शेजाऱ्यांचं. 'इम्युनिटी कमी' हे अर्धंच खरं आहे. सीओपीडीत प्रतिकारशक्ती दारावर उशिरा पोचते, आणि पोचल्यावर चोर पकडताना घरातलीच भांडीकुंडी फोडते. म्हणून 'वाढवा' म्हणणाऱ्याला विचारावं, यातलं काय वाढवू? फोडाफोड करणाऱ्या पेशी आधीच जास्त आहेत. कमी आहे ती पहिल्या दोन-तीन दिवसांतली चपळाई, आणि ती कुठल्या डब्यात भरून मिळत नाही.

आत काय होतं ते दिवसांच्या क्रमाने पाहू.

सर्दीचा सगळ्यात नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. सीओपीडी अचानक बळावतो तेव्हाही पुष्कळदा तोच सापडतो. पावसाळ्यात इन्फ्लुएन्झा (फ्लू) आणि आरएसव्ही या श्वासमार्गाच्या आणखी दोन विषाणूंची भर पडते. निरोगी श्वासनलिकेच्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि पेशींवरचे केसांसारखे बारीक तंतू तो थर सतत घशाकडे ढकलत असतात. विषाणू त्यात अडकतो, वर येतो, आपल्या नकळत गिळला जातो, संपलं. चाळीस वर्षांच्या धुराने हे तंतू झडतात, आखूड होतात, आणि कफ करणाऱ्या पेशी वाढतात. झाडू झिजला आणि कचरा वाढला. शिवाय धुराने चिडलेल्या अस्तरपेशींवर आयकॅम-१ नावाचं प्रथिन जास्त उगवतं, आणि बहुतेक ऱ्हायनोव्हायरस पेशीत शिरायला नेमकं तेच दार वापरतात.

विषाणू आत शिरला की त्या पेशीने इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करायचं असतं. हे द्रव्य १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमन यांनी शोधलं. विषाणूच्या वाढीत ते अडथळा आणतं, त्यावरूनच नाव पडलं. नातवाच्या नाकात ही आरोळी लगेच उठते, म्हणून तो चार दिवसांत अंगणात. सीओपीडीत ती दबकी किंवा उशिरा उठते. सगळ्या अभ्यासांत हे सारख्या प्रमाणात दिसलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण लंडनच्या संशोधकांनी सौम्य सीओपीडी असलेल्या स्वयंसेवकांना मुद्दाम ऱ्हायनोव्हायरसची लागण करून दिवसागणिक तपासलं, तेव्हा त्यांच्यात विषाणूचं प्रमाण जास्त आढळलं, छातीची लक्षणं जास्त तीव्र होती आणि जास्त दिवस टिकली. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले.

आरोळी उशिरा उठली की विषाणू तोवर वाढून बसतो, आणि मग शरीर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची झुंडच पाठवतं. त्यांच्याकडे इलॅस्टेज नावाचं कात्रीसारखं विकर (एन्झाइम) असतं. ते जंतूंबरोबर फुप्फुसाची लवचीक वीणही कापतं आणि कफ करणाऱ्या ग्रंथींना आणखी चिथावतं. नळ्या सुजतात, आकसतात, धाप वाढते. विषाणू निघून गेल्यावरही ही झुंड पांगायला वेळ लागतो.

तुमच्या अकराव्या-बाराव्या दिवसाचं कोडं इथे सुटतं. श्वासनलिकेत जंतू मारणारी आपली स्वतःची प्रथिनं असतात. न्यूट्रोफिलची तीच कात्री ही प्रथिनंही कापून टाकते. त्यात सीओपीडीत जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी आधीच सुस्त असतात. मग जे बॅक्टेरिया नळीत एरवी मुकाट पडून असतात, त्यांना रान मोकळं मिळतं. त्याच लंडनच्या प्रयोगांत विषाणू साधारण पहिल्या आठवड्यात शिगेला पोचला आणि बॅक्टेरिया मात्र पंधराव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे ही एक सर्दी नाही, पाठोपाठ आलेल्या दोन लढाया आहेत, आणि दुसरी सुरू होते तेव्हा घरातले सगळे 'आता बरंय' म्हणून निर्धास्त झालेले असतात.

आता त्या तीन गोळ्यांकडे बघा. दुसऱ्या दिवशी आत फक्त विषाणू आहे. अँटिबायोटिक त्याला काही करत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटतं ते सर्दीच्या नेहमीच्या गतीने, श्रेय मात्र गोळीला जातं. आणि खरी गरज पडते त्या बाराव्या दिवसापर्यंत, औषधाला दाद न देणारे जंतूच मागे उरण्याची शक्यता वाढलेली असते. यातल्या काही गोळ्या, विशेषतः लिव्होफ्लॉक्सासिन, टीबी असेल तर त्याची लक्षणं तात्पुरती दाबून निदान लांबवतात. दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणणं बंद करा. (निवडक पेशंटना छातीचे डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन महिनोन् महिने देतात, हे कोणी सांगेल. ते खरं आहे, पण तो निर्णय ईसीजी, ऐकण्याची क्षमता आणि बेडक्याची तपासणी पाहून घ्यायचा असतो. सर्दीच्या तीन गोळ्यांशी त्याचा संबंध नाही.)

रोटाहेलर बंद करणं ही याहून मोठी चूक. नळ्या सुजायला लागतात नेमक्या त्याच दिवशी त्या नळ्या उघड्या ठेवणारं औषध काढून घेतलं जातं. पावडर चिकटून बसत नाही. तिचे कण एका मिलिमीटरचा काही हजारावा भाग एवढे बारीक असतात आणि ओलसर अस्तरावर विरघळतात. नळी मोकळी झाली की कफ उलट सुटतो. सर्दीत रोटाहेलर चालूच ठेवायचा, एकही वेळ चुकवायची नाही.

मात्र त्या तो कसा ओढतात ते एकदा शेजारी बसून बघा. कॅप्सूल पारदर्शक टोक आत जाईल अशी चौकोनी भोकात दाबायची, खालचा भाग थांबेपर्यंत फिरवायचा. श्वास बाहेर सोडायचा तो रोटाहेलर तोंडापासून लांब धरून. यंत्रातच फुंकलं की तोंडाची वाफ पावडरीला लागून तिचे गोळे होतात, आणि औषध आत जाण्याऐवजी जाळीलाच बसतं. मग ओठ घट्ट मिटून तोंडाने जोरात आणि खोल ओढायचं, दहा सेकंद श्वास धरायचा. उघडून पाहा. पावडर उरली असेल तर आणखी एकदा. शेवटी चूळ भरून थुंकायचं, गिळायचं नाही. कॅप्सूलची डबी पावसाळ्यात स्वयंपाकघरात किंवा मोरीजवळ ठेवू नका, दमट हवेने पावडर बिघडते. आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली तर जात नाही ना, हेही विचारून घ्या. हसू नका, अनेक घरांत ती गिळली जाते.

धाप जास्त असली की जोरात ओढायची ताकदच उरत नाही. अशा दिवसांसाठी पंप (दाबून फवारा मारायचा इन्हेलर) आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, घरात हवा. पंप हलवायचा, एका वेळी एकच दाब, स्पेसरमधून सावकाश खोल श्वास, दहा सेकंद धरायचा, अर्ध्या मिनिटाने पुढचा दाब. किती दाब, किती वेळा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळवायचा. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

एक पेच सांगून ठेवतो. बहुतेक रोटाहेलर कॅप्सूलमध्ये नळी उघडणाऱ्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असतं. त्याने वारंवार बळावणं कमी होतं, पण न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो. २००७ सालच्या टॉर्च अभ्यासात हे दिसलं. ते कोणाला जास्त उपयोगी पडतं याचा अंदाज रक्तातल्या इओसिनोफिल पेशींवरून येतो: ३०० किंवा जास्त असतील तर फायदा चांगला, १०० पेक्षा कमी असतील तर स्टेरॉइड हवंच का, हे डॉक्टरांनी पुन्हा पाहावं. ही तपासणी बऱ्या दिवसांत करायची. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना हा आकडा जवळपास शून्यावर येतो आणि दिशाभूल करतो. तोवर स्वतःहून काही बंद करू नका.

पुढच्या सर्दीत काय करायचं? सगळ्यात आधी, बऱ्या दिवसांतले तीन आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा: बसल्या जागी ऑक्सिजन किती, एका मिनिटात श्वास किती, आणि एरवी बेडका कोणत्या रंगाचा व किती पडतो. हे माहीत नसेल तर सर्दीतल्या आकड्यांना अर्थ नाही. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसवा, हात गार असेल तर चोळून गरम करा, नेलपेंट किंवा मेंदीचं बोट टाळा, आणि आकडा अर्धा-एक मिनिट स्थिर झाल्यावरच वाचा. श्वास मोजताना त्यांना सांगू नका. मोजतायत हे कळलं की माणूस श्वास बदलतो.

नाक वाहायला लागलं तो पहिला दिवस. तेव्हापासून तीन आठवडे रोज सकाळी हे आकडे. बेडका पांढऱ्या कागदी रुमालावर उजेडात बघा. हिरवटपणा येतो न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या हिरव्या विकरामुळे. तेव्हा हिरवा रंग म्हणजे बॅक्टेरियाचा थेट पुरावा नव्हे, झुंड मोठी झाल्याची खूण आहे. पण पांढऱ्याचा हिरवा-पिवळा झाला, प्रमाणही वाढलं आणि धापही वाढली, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर अँटिबायोटिकची गरज असण्याची शक्यता बरीच असते. रंग बदलला आणि बाकी दोन्हींपैकी एक असली तरीही. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा. नुसतं नाक वाहतंय, बेडका नेहमीसारखा, तर नाही.

धाप नेहमीपेक्षा वाढली आणि पंपानेही पुरेशी उतरत नसेल तर डॉक्टर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. प्रचलित पद्धत प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, पाच दिवस, सकाळी खाऊन. पूर्वी दोन-दोन आठवडे देत, आता पाच दिवस पुरतात हे सिद्ध झालं आहे. ही गोळी विषाणू मारत नाही, झुंडीला आवरते. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे त्या पाच दिवसांत साखर चढेल, बहुधा दुपारनंतर. तेव्हा ग्लुकोमीटरने दुपारी आणि संध्याकाळी तपासा आणि डॉक्टरांना आधीच आठवण करून द्या. गेल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःहून सुरू करायच्या नाहीत. वर्षात चार-पाच कोर्स झाले तर हाडं ठिसूळ होतात.

एकदम सडकून ताप, अंग मोडून येणं आणि कोरडा खोकला अशी सुरुवात झाली तर ती साधी सर्दी नसून फ्लू असू शकतो. त्यावर ओसेल्टामिव्हिर आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगाचं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. 'दोन दिवस वाट बघू' हे इथे महागात पडतं. आणि वयस्कर माणसाला फ्लूमध्ये ताप फारसा न येताही छाती बिघडते, हे ध्यानात असू द्या.

काही गोष्टींसाठी सकाळची वाट बघायची नाही: श्वास मिनिटाला ३० च्या घरात, ऑक्सिजन ८८ च्या खाली, एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ निळसर, छातीत दुखणं, आणि सगळ्यात फसवी म्हणजे गुंगी. रात्रभर धापेने तळमळलेलं माणूस पहाटे एकदम शांत, झोपाळू किंवा असंबद्ध झालं तर त्याला आराम पडलेला नसतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असू शकतो. तडक हॉस्पिटल, १०८ ला फोन. छातीत दुखलं तर 'फुप्फुसाचंच असेल' म्हणू नका. फ्लूनंतरच्या आठवड्यात हार्ट ॲटॅकचा धोका बराच वाढलेला असतो.

घरात ऑक्सिजन सिलिंडर असेल किंवा कोणी आणून दिला तर नळ पूर्ण सोडू नका. सीओपीडीत लक्ष्य ८८ ते ९२ असतं. ९८-९९ दाखवण्याच्या नादात जास्त ऑक्सिजन दिला की याच कार्बन डायऑक्साइडचा त्रास ओढवतो.

काढ्याला आमचा विरोध नाही. सुंठ-तुळशीचा कपभर गरम काढा घशाला बरा वाटतो, पोटात पाणी जातं. पण त्यात ज्येष्ठमध भरपूर घालून दिवसातून तीन-चारदा दिला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. पंपातलं सालब्युटामॉल आणि स्टेरॉइडची गोळीही पोटॅशियम उतरवतात, तिन्ही एकत्र आली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. महागड्या इम्युनिटी पावडरींवर पैसे घालवू नका. त्याऐवजी एकदा ड जीवनसत्त्व तपासा. ते १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर भरून काढल्याने सीओपीडी बळावण्याचं प्रमाण कमी होतं. पातळी ठीक असेल तर जास्तीच्या गोळ्यांनी काही साधत नाही. वाफ घ्यायची तर घ्या, पण उकळतं पातेलं मांडीजवळ नको. भाजल्याच्या घटना होतात, आणि तीव्र वाफेने काहींना ढास लागते.

प्रतिकारशक्तीला खरोखर वेळेवर आणायचं असेल तर साधन एकच, लस. ती इंटरफेरॉनची आरोळी दुरुस्त करत नाही, पण प्रतिपिंडं आधीच दारात उभी करते. फ्लूची लस दरवर्षी, आणि आपल्याकडे ती एप्रिल-मे मध्ये घ्यावी. महाराष्ट्रात फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर असतो आणि प्रतिपिंडं तयार व्हायला दोन आठवडे लागतात. ऑक्टोबरमध्ये घेतली तर पावसाळा हुकला. सुईने दिली जाणारी लस मृत विषाणूची असते, तिने फ्लू होत नाही. एक-दोन दिवस हात दुखेल. वयामुळे सासूबाईंमध्ये ती पूर्ण जोमाने काम करणार नाही, म्हणून नातवालाही द्या. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या बॅक्टेरियाची लसही हवी. तिच्या प्रकारांपैकी पीसीव्ही २० मिळाली तर एकदाच पुरते. पीसीव्ही १३ घेतली असेल तर साधारण वर्षाने पीपीएसव्ही २३. आरएसव्हीच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

ऱ्हायनोव्हायरसवर लस नाही. तिथे साबण. त्याला स्निग्ध आवरण नसल्यामुळे सॅनिटायझरला तो तितकासा बधत नाही. साबणपाण्याने वीस सेकंद हात चोळल्याने धुऊन जातो. नातू शिंकतोय ते चार-पाच दिवस त्याचं अंथरूण वेगळं, टॉवेल वेगळा, आणि आजीच्या ताटातला घास नाही. हे शेवटचं पाळणं सगळ्यात कठीण जाईल, कल्पना आहे.

आणि बंब. पत्रात लिहिलेलं नाही, पण गॅस आल्यावरही अंघोळीचं पाणी लाकडं-गोवऱ्यांवर तापत असेल तर रोज सकाळी तासभर तोच जुना धूर घरात येतो, आणि विषाणूची जी दारं बंद व्हायला हवीत ती उघडीच राहतात. हीटर परवडत नसेल तर बंब निदान घरापासून लांब, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला न्या आणि तो पेटवायचं काम सासूबाईंकडे ठेवू नका. डासांची कॉइल पूर्ण बंद, मच्छरदाणी लावा. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण सुमारे शंभर सिगारेटींएवढे भरतात. गणपतीत धूप-उदबत्ती त्या बसतात त्या खोलीत नको.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, वजन उतरलं, संध्याकाळी बारीक ताप किंवा बेडक्यात रक्त दिसलं तर सीओपीडीच्या नावावर खपवू नका. सरकारी दवाखान्यात टीबीसाठी बेडक्याची तपासणी मोफत होते.

पुढच्या भेटीला रोटाहेलर, कॅप्सूलची डबी, ऑक्सिमीटर आणि ते कॅलेंडर पिशवीत घालून न्या. डॉक्टरांसमोर सासूबाईंना एकदा कॅप्सूल ओढायला लावा. आणि एका कागदावर डॉक्टरांच्याच अक्षरात लिहून घ्या: ऑक्सिजन कितीवर आला की फोन, कितीवर हॉस्पिटल, पंपाचे दाब किती, स्टेरॉइडची गोळी कोणाला विचारून सुरू करायची. तो कागद फ्रिजच्या दारावर लावा, औषधांच्या फायलीत नको. रात्री दोन वाजता फाईल सापडत नाही.